‘म’चा उपास

दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडातून एक साधे अक्षर काढता येऊ नये, यातला विनोद इतरांच्या आधी त्याच्याच लक्षात आला होता. त्यामुळे त्यावर कुणी कोटी केली की तो सवयीने हसे आणि हातातले काम पुढे चालू ठेवी.

काम कवळ्या घडवण्याचे. दातांच्या दवाखान्यांतून रुग्णांच्या हिरड्यांचे ठसे येत. त्यांत प्लास्टर ओतून तो साचे काढी, साच्यावर गुलाबी मेण चढवी आणि मेणात एकेक दात असा रोवी की तो जन्मापासून तिथेच होता असे वाटावे. त्याची प्रयोगशाळा म्हणजे एका इमारतीच्या मागच्या अंगाची लांबट खोली. एका टोकाला पॉलिशचे यंत्र, दुसऱ्या टोकाला बेसिन, आणि मधल्या टेबलावर तोंड उघडून बसलेल्या बत्तिश्या. मालक बोलघेवडा होता. ‘‘आमच्याकडे तोंडं पुष्कळ,’’ तो आल्यागेल्याला सांगे, ‘‘पण बोलणारा मी एकटाच. हा आमचा कारागीर जगाला तोंड देतो, स्वतःचं मात्र जपून वापरतो.’’

त्याचे अडणे नेहमीच्या तोतरेपणाहून वेगळे होते. तोतऱ्याची निदान सुरुवात तरी होते. याचे ओठ मिटले की मिटलेलेच राहत. ‘प’ आणि ‘ब’ कधी वाट देत, कधी अडवत. ‘म’ मात्र वाटेत बसकण मारलेली म्हैस. हाकला, चुचकारा, पाणी दाखवा, ती जागची हलायची नाही. आणि दैवाचा खेळ असा की त्याचे नावच त्या अक्षराने सुरू होई. गावच्या शाळेत नवे गुरुजी आले आणि त्यांनी नाव विचारले, तेव्हा तो ओठ आवळून उभा राहिला. गुरुजी म्हणाले, ‘‘नाव विसरून आलास की काय घरी?’’ वर्ग हसला आणि सगळ्या वर्गाने एका सुरात त्याचे नाव सांगून टाकले. कुठल्याही शब्दाला दुसरा शब्द सापडतो, स्वतःच्या नावाला सापडत नाही, हे तो त्या दिवशी शिकला.

बाकीच्या शब्दांना मात्र त्याने वाटा शोधल्या. ‘मी’ म्हणायचे तिथे तो ‘आपण’ म्हणे. ‘आपल्याला चहा नको,’ ‘आपण जाऊन येतो.’ कॉलेजातली मुले विचारत, ‘‘आपण म्हणजे कुठले राजे?’’ मंगळवारला तो ‘बुधवारच्या आदल्या दिवशी’ म्हणे. मीठ मागता येत नसे, म्हणून ‘भाजी अळणी झाली आहे’ असे सांगे, आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षे बायकोला ती आपल्या स्वयंपाकाला ठेवलेली नावे वाटत राहिली.

बायको प्रेमळ होती आणि उतावळी होती. त्याचे वाक्य कुठे अडकले की उरलेले ती पूर्ण करी, लहान मुलाच्या शर्टाचे राहिलेले बटण आईने लावावे तसे. बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबर असे. नसला तरी तो मान हलवून टाकी, कारण चूक दुरुस्त करायची तर पुन्हा बोलावे लागे. दुकानात एकदा त्याने एका स्वेटरकडे बोट दाखवून ‘‘तो… त…’’ म्हटले आणि ती दुकानदाराला म्हणाली, ‘‘तो निळा काढा हो.’’ त्याला तपकिरी हवा होता. निळा स्वेटर त्याने कितीतरी हिवाळे घातला.

‘बाकडे’ त्याला सापडले तेही एका अडलेल्या शब्दापायी. बायकोच्या धाकट्या भावाची ओळख तो ‘बायकोचा भाऊ’ अशी करून देई आणि त्या भल्या माणसाला त्यात दुरावा वाटे. तेव्हा ‘मेहुणा’ या शब्दाला दुसरा शब्द इंटरनेटवर शोधता शोधता तो एका फोरमवर जाऊन पोचला. तिथे कुणीतरी नेमके तेच विचारले होते, आणि ‘वेलांटी’ असे टोपणनाव घेतलेल्या बाईने उत्तर दिले होते: ‘शालक. पण असं म्हणणाऱ्याला सासुरवाडीत दुसऱ्यांदा वाढत नाहीत.’

त्या फोरमचे नाव बाकडे. तो उभा केला होता एका बँकेत संगणक सांभाळणाऱ्या माणसाने, आणि बाकडे घडवणारा म्हणून त्याला सगळे सुतार म्हणत. आत येणाऱ्याने ‘सरका’ लिहायचे, आधीच्यांनी ‘बसा’ म्हणायचे, एवढाच तिथला शिष्टाचार. आणि दर आठवड्याला एका अक्षराचा उपास. ते अक्षर, त्याच्या काना-मात्रांसकट, आठवडाभर कुणी लिहायचे नाही आणि तरी गप्पा मात्र चालू ठेवायच्या. ‘र’च्या उपासात सुतार ‘सुता’ अशी सही करी. ‘क’च्या उपासात एका नवख्याने ‘हा उपास कधीपर्यंत?’ असे विचारले आणि विचारताविचारताच मोडला. ज्याचा मोडेल त्याने पारणे फेडायचे. म्हणजे असे एक वाक्य लिहायचे की ज्यातला प्रत्येक शब्द त्याच अक्षराने सुरू होतो.

त्याने हे सगळे वाचले आणि प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसल्या बसल्या त्याला हसू फुटले. जन्मभर जो उपास तो निमूट करत आला होता, तो ही माणसे हौसेने करत होती आणि वर एकमेकांना शाबासकी देत होती. त्याने ‘सरका’ लिहिले. लगेच ‘बसा’ आले, मागोमाग आणखी एक, मग आणखी.

त्याचे टोपणनाव वेलांटीनेच ठेवले. ‘हा माणूस सरळ वाट सोडून कायम वळसा घालून येतो, आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचतो,’ असे तिने लिहिले आणि तो वळसा झाला. घरात आणि कामावर ज्याला लोक मुखदुर्बळ समजत, त्याची बाकड्यावरची ख्याती हजरजबाबी म्हणून होती. ‘वळसा आला, आता जपून लिहा,’ असे लोक म्हणत. ते वाचताना त्याला आपण चोरून दुसऱ्याचे कपडे घातले आहेत असेही वाटे, आणि हेच आपले खरे कपडे आहेत असेही वाटे.

वेलांटी दुसऱ्या शहरात एकटी राहत होती. पुस्तकांची मुद्रिते तपासण्यात तिची हयात गेली होती. वयाने मोठी, जिभेने तिखट. पहिल्याच महिन्यात त्याने कुठेतरी ‘दिर्घ’ असे लिहिले आणि तिचा निरोप आला: ‘अरे, दीर्घ हा शब्दच ऱ्हस्व लिहितोस, तुझं करू तरी काय?’ तेव्हापासून दोघांचे वेगळे लिहिणेही सुरू झाले. ती त्याला अरेतुरे करी, तो तिला ताई म्हणे. एकदा त्याने विचारले, हस्तलिखितात एखादा शब्द सुटलेला असला तर तुम्ही काय करता? तिने लिहिले, ‘चुकलेलं दुरुस्त करावं, राहिलेलं विचारावं. अंदाजानं भरू नये. मूळ प्रतीत नसलेलं अक्षर घालायचा अधिकार मुद्रितं तपासणाऱ्याला नसतो.’ हे त्याने पुन्हा पुन्हा वाचले. त्याच्या भोवतीच्या जगात सगळेच भरणारे होते.

त्याची आई गेली त्या आठवड्यात बाकड्यावर ‘ग’चा उपास चालू होता. घर माणसांनी भरलेले, विचारणाऱ्यांना बायको उत्तरे देत होती. तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने लिहिले, ‘आज आई’. पुढचा शब्द ‘ग’ने सुरू होत होता. तो त्याने लिहिला नाही. कुणी विचारले नाही, कुणी भरला नाही. थोड्या वेळाने सुताराची पाटी लागली: ‘या आठवड्यात उपास नाही. सगळे जेवा.’ त्या दिवशी प्रथम त्याला रडू आले.

अशी वर्षे गेली. बाकड्यावरचे काही उठून गेले, काही नवे येऊन टेकले, पण वळसा आणि वेलांटी यांच्या जागा ठरलेल्या होत्या. आणि मग एके दिवशी वेलांटीने लिहिले ‘दिर्घ’.

बाकड्यावर हशा पिकला. सूर्य पश्चिमेला उगवला, वेलांटीबाईंनाच वेलांटी कळेना, पारणे, पारणे! तिचे उत्तर उशिरा आले. ‘चूक दिसली नाही. डोळ्यांच्या मधोमध डाग पडला आहे आणि तो पसरतो आहे. डॉक्टर म्हणतात, वाचणं संपेल. कडेकडेचं दिसत राहील, माणसं आली-गेली एवढं कळेल.’

सुताराने तिला लिहिलेले वाचून दाखवणारे यंत्र बसवून दिले. ते तिने काही दिवस ऐकले आणि मग तिचा पहिला बोलका निरोप बाकड्यावर आला. आवाज जाडसर आणि स्वच्छ होता. ‘‘हे काही खरं नाही रे बाबांनो. सुतार, वळसा, सगळे त्या यंत्रातल्या एकाच बाईच्या तोंडून बोलतात. बाकड्यावर माणसं बसलीत असं वाटतच नाही. एकच बाई बसून स्वतःशी बडबडतेय असं वाटतं. मला तुमचे आवाज द्या. कसेही असोत.’’

आठवड्याभरात बाकडे बोलू लागले. सुताराचा आवाज बारीक निघाला. कुणाचा घोगरा, कुणाचा नाकातला, कुणाच्या मागे कुकरची शिट्टी, कुणाच्या मागे रडणारे नातवंड. वेलांटी प्रत्येकाला ओळखून दाखवी आणि खुशीत येई. फक्त वळसा लिहीत राहिला.

‘‘वळसा, तू अजून त्या बाईलाच कामावर ठेवलंयस का?’’ ती विचारी.

त्याने लिहिले, घसा बसला आहे.

‘‘किती दिवस बसणार? उठवा त्याला.’’

मग त्याने फोन बिघडल्याचे सांगितले. मग काम फार असल्याचे. पॉलिशचे यंत्र चालू ठेवून, त्याच्या घरघरीच्या आडोशाला त्याने काही वेळा बोलून पाहिले. नंतर ऐकले तर यंत्राची घरघर, आपला श्वास आणि ओठ सुटल्याचा बारीक आवाज, यांपलीकडे त्यात काही नसे. ते तो पुसून टाकी. जिथे तो सर्वांत आधी पोचत असे तिथे आता सगळे त्याच्या पुढे निघून गेले होते. गप्पा आवाजात होत, आवाजातच संपत, आणि त्याचा लेखी विनोद पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा मागाहून येऊन उभा राही. वेलांटीच्या डोळ्यांतला डाग जसा पसरत होता तसा तो तिच्यापुरता पुसला जात होता, आणि ते त्याला अक्षर अक्षर दिसत होते.

अशात ‘म’चा उपास आला. बाकड्यावरचा हा सर्वांत अवघड उपास मानला जाई, कारण त्यात माणसाला ‘मी’ म्हणता येत नाही. वळशाचे तर ते माहेर. त्याने मन लावून लिहिले:

‘दार वाजलं की आतून विचारणा होते, कोण? उत्तर देणारा क्वचितच नाव सांगतो. ओळखीचा आवाज पुरेसा असतो. ज्याचा आवाज ओळखीचा नाही, त्यानं किती नावं सांगितली तरी कडी निघत नाही. दाराबाहेरचा काय उत्तर देतो, ते या उपासात सांगता येणार नाही.’

असे त्याला बरेच दिवसांत साधले नव्हते. हे त्या यंत्रातल्या बाईच्या तोंडी घालणे त्याच्या जिवावर आले. आणि त्याच दिवशी बायकोचा भाऊ घरी आला.

बायकोचा भाऊ समारंभांतून सूत्रसंचालन करी. बक्षीस-समारंभ असो की निरोप-समारंभ, ध्वनिक्षेपक त्याच्या हातात. बोलण्यात त्याने आयुष्यात कधी माघार घेतली नव्हती. बहिणीने त्याला सांगितले, ‘‘अरे, यांना कुठेतरी आवाज पाठवायचाय, आणि तोंड एवढंसं करून बसलेत.’’

‘‘मग मी कशाला आहे? द्या भाऊजी, द्या इकडे. दोन मिनिटांचं काम. आवाजाला काय, कुणाचाही चालतो.’’

त्याने कागद पुढे केला. आता सांगायला हवे होते की यात एक अक्षर वर्ज्य आहे, आपल्या पदरचा शब्द घालू नका. पण ‘म’ वर्ज्य आहे हे सांगायचे तर ‘म’ म्हणावे लागते. त्याने ओठ मिटले. ते मिटलेले राहिले. शेवटी कागदावर बोट ठेवून तो म्हणाला, ‘‘जसं आहे तसंच वाचा.’’

‘‘अहो भाऊजी, काळजी सोडा. राज्यपालांची भाषणं वाचलीत आपण.’’

वाचणे चालू असताना तो स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला. दुसऱ्याच्या गळ्यातून आपले वाक्य ऐकण्याची त्याची छाती झाली नाही. परत आला तोवर बायकोच्या भावाने बटणही दाबून टाकले होते. ‘‘गेलं! बघा आता, टाळ्या पडतील.’’

टाळ्या पडल्या. सुतार म्हणाला, ‘‘अरे लबाडा, असला आवाज लपवून ठेवला होतास?’’ दुसरा म्हणाला, ‘‘रेडिओवर जा, रेडिओवर!’’ आणि मग हसू आणि गलका: ‘‘पण वळसाबुवा, पहिल्याच शब्दात उपास तुटला की! वळशाचा? आणि याच अक्षराचा? पारणं! आणि आता आवाजातच हवं हां, लेखी चालणार नाही!’’

तेव्हा त्याने ते प्रथमच ऐकले. ‘‘नमस्कार मंडळी! मी वळसा, आज मी आपल्यापुढे माझे दोन शब्द मांडतो आहे…’’ आणि मग दाराची गोष्ट. सूत्रसंचालकाला ‘नमस्कार मंडळी’शिवाय तोंडच उघडता येत नाही, हे त्याला कळायला हवे होते. जे अक्षर तो जन्मात सहज म्हणू शकला नव्हता ते त्याच्या नावाने कुणीतरी मुठी भरभरून उधळले होते, आणि आता त्याची परतफेड त्याने स्वतःच्या तोंडाने करायची होती.

बाकड्यावरच्या गलक्यात वेलांटीचा आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी तिचा वेगळा निरोप आला, फक्त त्याच्यासाठी. मालक बाहेर गेला होता. कवळीला मेण लावता लावता तो थांबला आणि त्याने फोन कानाला लावला.

‘‘ऐकलं मी. आवाज चांगला आहे. लग्नाच्या हॉलमधला आहे. पण तो तुझा नाही. बाकीच्यांना वाटतं तू घाबरून चुकलास. तू ‘म’त चुकणार नाहीस. आणि दुसरं, इतक्या वर्षांत तुझ्या लिहिण्यात ‘मी’ कधी आलेला नाही. उपास असो, नसो. माझ्या ते पहिल्याच वर्षी ध्यानात आलं होतं. राहिलेलं विचारावं म्हणते मी, पण कधी विचारावं तेही बघावं लागतं, म्हणून गप्प राहिले. हा माणूस एका वाक्यात दोनदा ‘मी’ म्हणाला.’’ इथे ती थांबली होती. मागे कुठेतरी पंख्याचा आवाज येत होता. ‘‘मला राग आलाय. सगळ्यांनी आपापला आवाज दिला, मोडका, घोगरा, असेल तसा. तू मला भाड्याचा दिलास. का, ते मला माहीत नाही. दुपारी जेवण झालं की मी फोनजवळ असते. फोन कर. मी वळसा असं सांगू नकोस, ते नाव त्यानंही घेतलंय. मी ‘कोण’ म्हणून विचारीन. तुझ्या त्या लेखात जे सांगता आलं नाही तेवढं सांग. पारणं म्हणून तो एक शब्द पुरे.’’

तिला ठाऊक नव्हते. नेमका तोच शब्द तिने मागितला होता, आणि आपण काय मागतो आहोत हे तिला ठाऊक नव्हते. तो लिहून कळवू शकला असता. पण ‘आपल्याला बोलताना अडतं’ हे त्याचे वाक्य त्या यंत्रातल्या बाईने तिला न अडता वाचून दाखवले असते. ती विटंबना त्याला सोसणारी नव्हती. गप्पही राहता आले असते. बाकड्यावरून पूर्वीही लोक असेच उठून गेले होते, आणि चार दिवस चौकशी होऊन विसरलेही गेले होते. पण मग बाकड्यावर तो हॉलमधला आवाजच वळसा म्हणून उरला असता, आणि तिच्याजवळ वळशाचा कुठलाच आवाज उरला नसता.

संध्याकाळी त्याने तो निरोप बायकोला ऐकवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला आणि पदराला हात पुसत म्हणाली, ‘‘एवढंच ना? नंबर द्या. मी सांगते त्यांना. यांना बोलायचा त्रास आहे, गैरसमज करून घेऊ नका म्हणावं. दोन मिनिटांत मिटेल.’’

‘‘नको.’’

‘‘नको काय? मीच बोलते ना सगळीकडे?’’

‘‘आपल्याला… बोलायचंय.’’

‘‘आपल्याला म्हणजे? तुम्हाला, की दोघांना?’’ ती हसली, पण त्याचा चेहरा पाहून तिचे हसू अर्ध्यावर थांबले. ‘‘म्हणजे आता माझं बोलणं टोचायला लागलं होय? एवढी वर्षं तुमच्या तोंडचं झेलत आले ते?’’

त्याला पुष्कळ सांगायचे होते. त्यातले जे वाट देईल ते बाहेर आले. ‘‘तो स्वेटर. निळा नको होता.’’

‘‘कुठला स्वेटर?’’ मग तिला आठवले. ‘‘अहो, तो? मग तेव्हाच बोलायचंत की!’’

बोलून झाल्यावर ते तिला स्वतःलाच ऐकू आले. ती आत गेली. जेवताना दोघांचेही ताटाकडे लक्ष होते. भाजी अळणी होती. त्याने काही म्हटले नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ओळखूनही तिने नेहमीसारखे मीठ पुढे सरकवले नाही. ती वाट पाहत होती. तो तसाच जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक जेवायला गेला. त्याने पॉलिशचे यंत्र बंद केले. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. टेबलावर एका म्हाताऱ्या गवयाची कवळी अर्धवट राहिली होती, वरचे दात बसलेले, खालचे बाकी. त्याने ती बाजूला सारली आणि नंबर लावला.

‘‘कोण?’’ तोच आवाज, पण जवळून.

त्याने ओठ मिटले. ती म्हैस आपल्या जागी येऊन बसली. मानेच्या शिरा ताठ झाल्या, जबडा आवळला, छातीतला श्वास छातीतच राहिला. बाहेर काही गेले नाही.

‘‘हॅलो? कोण? ऐकू येत नाही हो.’’ ती जरा थांबली. ‘‘रेंज नाही वाटतं.’’ आणि फोन बंद झाला.

तो बेसिनशी जाऊन पाणी प्याला. आरशात पाहिले नाही. ‘वळसा’ म्हणता आले असते. ‘व’ त्याला कधीच अडत नसे. ‘ताई, आपण बोलतोय’ असेही म्हणता आले असते आणि तिने कदाचित तेवढ्यावर ओळखलेही असते. या दोन्ही वाटा त्याच्या पायांखालच्या होत्या, इतक्या की डोळे मिटून चालावे. त्याने पुन्हा नंबर लावला.

‘‘कोण?’’

पुन्हा तेच. ओठ, शिरा, जबडा. नाकावाटे थोडासा श्वास सुटला आणि पुन्हा अडला. ओठ एकदा विलग होऊन पुन्हा मिटले. त्याचा बारीक आवाज झाला.

या वेळी तिने फोन ठेवला नाही. ती काही बोललीही नाही. आता ती म्हणेल, वळसा ना? आता म्हणेल, राहू दे, कळलं. तो त्या वाक्यांची वाट पाहत होता, कारण आजवर प्रत्येकाने कधी ना कधी ती म्हटली होती. वर्गाने, मालकाने, बायकोने. कितीही भल्या माणसाला समोरच्याची बोलण्याची धडपड पाहवत नाही. पलीकडे फक्त पंखा फिरत होता.

‘‘फोन चालू आहे,’’ ती मग हळूच म्हणाली. ‘‘ओठांचा आवाज येतोय मला. मी घाईत नाही.’’

आणि पुन्हा गप्प झाली. तिला कळले होते. सगळे नसेल, पण त्याला वर्षानुवर्षे कुठे अडले होते ते कळले होते. तिचा श्वास किंचित बदललेला त्याला ऐकू आला. तरी तिने तो शब्द भरला नाही. शब्द तिच्या ओठांवर होता, तिनेच मागितलेला होता, आणि ती तो त्याच्या वाट्याला ठेवून बसली होती.

त्याच्या कपाळावरचा घाम साच्यावर टपकला. ओठांच्या मागे काहीतरी घुमू लागले, आधी नुसते गुणगुणल्यासारखे, यंत्र दूर कुठेतरी सुरू व्हावे तसे. ते लांबत गेले, ओबडधोबड, लाजिरवाणे, नाकातून येणारे. लहानपणापासून ज्या आवाजाला तो सगळ्यात जास्त घाबरत आला होता तोच हा आवाज. तो त्याने थांबवला नाही.

‘‘म्… म्म्म्… मी.’’

पलीकडे तिने नाक ओढल्यासारखे वाटले, की पंख्याचाच आवाज होता, त्याला सांगता आले नसते.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘पारणं झालं.’’ आणि मग तिचा आवाज बदलला, तिखट झाला, पहिल्या महिन्यातल्या त्या निरोपासारखा. ‘‘आता माझा राग ऐकून घे. तुझं लिहिलेलं मी शेवटचं कधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं ते तुला माहीत आहे? ते परत येणार नाही. म्हणून आवाज मागितला होता मी, आणि तू काय पाठवलंस? अडतं तर अडतं. इतकी वर्षं माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या शिव्या खाल्ल्यास, आणि एवढं सांगावंसं वाटलं नाही तुला? मी काय परकी होते?’’

तिचे म्हणणे खरे होते.

‘‘हं? गप्प का? आहेस ना?’’

बाहेर मालकाच्या चपलांचा आवाज आला. दार ढकलून तो आत आला, बोलायला तोंड उघडले, आणि कारागिराने हात वर केलेला पाहून तसाच उंबऱ्यावर थबकला. टेबलावरचे मेण थंड होऊन कडक झाले होते. ते आता पुन्हा तापवावे लागणार होते.

‘‘आ… आहे,’’ तो म्हणाला. त्याने पायाने स्टूल ओढून घेतले. ‘‘बोला, ताई.’’

आणि ती बोलू लागली.